यहूदाची बाजू

१९७४ साली महाराष्ट्रातल्या दोन नाटकांत माणसं गात गात मेली. पुण्यात भरत नाट्य मंदिरात २२ नोव्हेंबरला सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’चा पहिला प्रयोग झाला. त्यातला भाऊराव मेल्यावर उठतो आणि कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्याच मरणाचं आख्यान लावतो. भाऊराव झाले होते चंद्रकांत काळे, चाली आनंद मोडकांच्या. मुंबईत त्याच वर्षी अलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ बसवलं. त्यात येशू क्रूसावर जातो, त्याला पकडून देणारा यहूदा स्वतःला फास लावून घेतो, आणि हे सगळं इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स आणि कानठळ्या बसवणाऱ्या बँडच्या साथीनं. एक मराठी, एक इंग्रजी. एकाचा प्रेक्षक सदाशिव पेठेतला, दुसऱ्याचा दक्षिण मुंबईतला. दोघांना एकमेकांशी घेणंदेणं असायचं कारण नव्हतं.

चार वर्षांनी हे दोन्ही रस्ते एकाच मराठी नाटकात येऊन मिळाले. त्या नाटकाच्या संगीतात एका बाजूला ‘महानिर्वाण’चे आनंद मोडक होते आणि दुसऱ्या बाजूला मुंबईच्या नाटकातला यहूदा. त्याचं नाव नंदू भेंडे. मराठी नाटकाच्या इतिहासात हे नाव साधारण एका ओळीत आटोपलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं, म्हणून हा लेख.

‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे मूळ नाटक रंगभूमीवर जन्मलंच नव्हतं, ते जन्मलं तबकडीवर. लंडनमधली दोन तरुण पोरं, गीतकार टिम राइस आणि संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर. १९६८ साली त्यांनी एका शाळेच्या मुलांसाठी बायबलमधल्या योसेफाच्या गोष्टीवर छोटं संगीतक केलं होतं. त्यानंतर त्यांनी हात घातला तो थेट येशूच्या शेवटच्या सात दिवसांना, आणि तोही यहूदाच्या नजरेतून. असलं नाटक उभं करायला एकही निर्माता खिशात हात घालीना. मग त्यांनी उलटा मार्ग धरला. १९६९ च्या अखेरीस मरे हेड या गायकाच्या आवाजात एकच गाणं बाजारात आणलं आणि ते वाजतंय असं दिसल्यावर १९७० मध्ये सबंध नाटक दोन लाँग प्ले तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केलं. राइस तेव्हा पंचविशीत, लॉइड वेबर अवघा बावीस वर्षांचा.

चार बाजू, जवळपास दीड तास, आणि बोललेलं वाक्य जवळजवळ नाहीच. येशूचा आवाज ‘डीप पर्पल’ या बँडच्या इयान गिलनचा. ज्या गळ्यातून एरवी नुसती किंकाळी निघायची, त्यातून इथं प्रार्थना निघते आणि प्रार्थनेची पुन्हा किंकाळी होते. यहूदा मरे हेडच, मरिया मग्दालिया इव्हॉन एलिमन. साथीला जो कॉकरच्या बँडमधले वादक, शिवाय मोठा ऑर्केस्ट्रा. आदल्याच वर्षी ‘द हू’ या बँडनं ‘टॉमी’ काढून रॉक ऑपेरा हा शब्द लोकांच्या तोंडी आणला होता. पण ‘टॉमी’ची गोष्ट कळायला पाकिटावरचा मजकूर वाचावा लागे. इथली गोष्ट आधीच जगाला पाठ होती. नवी होती ती फक्त बाजू.

इंग्लंडनं या संचाकडे फारसं लक्ष दिलं नाही. अमेरिकेनं मात्र उचलून धरला. फेब्रुवारी १९७१ मध्ये तो तिथल्या खपाच्या यादीत पहिला आला आणि वर्षाअखेर त्या सालचा सर्वांत खपलेला अल्बम ठरला. गावोगावच्या हौशी मंडळींनी परवानगीची वाट न पाहता तो चर्चमध्ये, कॉलेजात सादर करायला सुरुवात केली. त्यांना आवरायला वकील पाठवावे लागले. त्यानंतर जुलैत रीतसर दौरा निघाला आणि १२ ऑक्टोबर १९७१ ला नाटक ब्रॉडवेवर उभं राहिलं. ब्रॉडवेवरचा भपका खुद्द लॉइड वेबरला आवडला नाही. माझ्या मते त्याचं बरोबरच होतं. ज्यांनी वर्षभर डोळे मिटून हे नाटक ऐकलं, त्यांच्या डोक्यात उभं राहिलेल्या यरुशलेमशी कुठलं नेपथ्य टक्कर देणार? लंडनमध्ये मात्र १९७२ ला पॅलेस थिएटरात सुरू झालेलं नाटक आठ वर्षं हललं नाही.

आता या तबकडीत एवढं काय आहे ते जरा सांगायला हवं.

पहिलं गाणंच यहूदाचं. येशूचं कौतुक नाही, देवदूत नाहीत, गव्हाणी नाही. एक अस्वस्थ कार्यकर्ता तक्रार करतोय की माणूस आता त्याच्या विचारापेक्षा मोठा व्हायला लागला आहे. लोक शिकवण विसरून शिकवणाऱ्याच्या पाया पडताहेत आणि उद्या या गर्दीला भिऊन रोमन सत्ता सगळ्यांनाच चिरडून टाकील. ही तक्रार खोटी नाही, हीच खरी गंमत. तो नीच माणूस असता तर आपण सुटलो असतो. ज्या महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ पडला, दलित पँथर उभी राहिली आणि १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप होऊन मोडला, त्या महाराष्ट्रातल्या कुठल्याही चळवळ्या पोराला यहूदाचं म्हणणं परकं वाटायचं कारण नव्हतं. नेत्याभोवती आरत्या सुरू झाल्या की चळवळीचं काय होतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट लयीची. देवळातल्या बाजाराचं गाणं सात मात्रांत आहे, मरियेचं सांत्वनाचं गाणं पाच मात्रांत. चार-चारच्या ठोक्यावर वाढलेल्या पाश्चात्त्य तरुणांना तिथं पाय कुठं टाकावा कळत नसे. रूपक आणि झपताल लहानपणापासून कानावर असलेल्या माणसाला त्यात अडखळायला होत नाही. उलट घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. मग मध्येच हेरोद राजा येतो आणि ऐन शोकांतिकेत मद्यालयातल्या करमणुकीच्या ढंगात येशूची टिंगल करतो. रंगात आलेला करुणरस मध्येच कापून विनोदी पात्र आत सोडायचं हे तंत्र किर्लोस्कर-देवलांच्या काळापासून आपलं चांगलंच ओळखीचं. आणि शेवटी पुनरुत्थान नाहीच. एकोणचाळीस फटके मोजले जातात, क्रूस होतो, नुसत्या वाद्यमेळाची एक विलापिका वाजते आणि तबकडी संपते. येशू देव होता की माणूस, याचा निकाल ऐकणाऱ्यावर सोडलेला.

गायलेली गोष्ट ऐकूनच बघायची, डोळ्यांची गरज नाही, ही सवय मराठी माणसाला रॉक ऑपेराच्या फार आधीची आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ सादर केलं, तिथून संगीत नाटकाचा संसार सुरू झाला. १९११ मध्ये ‘मानापमान’, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’. त्या काळी बालगंधर्वांना प्रत्यक्ष पाहिलेले किती आणि फक्त ऐकलेले किती, याचा हिशेब मांडला तर ऐकलेलेच कितीतरी पटींनी भरतील. तबकडीच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या बाजूत मावेल तेवढंच पद, तेवढ्याच ताना. पण त्या एवढ्याशा पदातून खेड्यातल्या वाड्यात ‘स्वयंवर’ची रुक्मिणी उभी राहायची. आपल्याकडे आधी नाटक आणि मागून तबकडी, त्यांच्याकडे आधी तबकडी आणि मागून नाटक. क्रम उलटा असला तरी मधलं काम तेच: आवाजातून माणूस उभा करणं.

मी राहतो त्या चऱ्होलीत तर हे काम आजही रोज होतं. गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं, शेतांच्या जागी इमारतींचे टॉवर आले, सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या चाकणच्या दिशेनं सुटतात. पण इंद्रायणी तीच आणि पलीकडे आळंदी तीच. माउलींची पालखी पुण्याकडे निघाली की आमच्याच वडमुखवाडीत थोरल्या पादुकांपाशी थांबते. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेतली मुलं कीर्तन शिकतात आणि अखंड हरिनाम सप्ताह लागला की पंचक्रोशीतल्या कुठल्या ना कुठल्या गावातून रात्री कर्ण्यावर कीर्तन ऐकू येतं. मंडपात बसून ऐकणारे शेकड्यांनी, घरात भाकरी थापता थापता ऐकणारे त्याहून जास्त. कीर्तनकार एकटाच नामदेव होतो, एकटाच जनाबाई होतो, चोखोबाला देवळात येऊ न देणारा बडवाही तोच. मागे टाळकरी उभे असतात, ते कधी समाज असतात, कधी साक्षीदार. पखवाजाची थाप चढली की कुणाला नुसतं बसून राहवत नाही. आता यात आणि गिलनच्या किंकाळीत फरक आहेच, मोठा आहे. पण ‘एकच रात्र, एकच गोष्ट, सगळी पात्रं गाण्यातून’ हा करार दोन्हीकडे सारखा आहे. तो करार ज्याच्या अंगवळणी पडलाय त्याला ‘सुपरस्टार’ ऐकायला वेगळं शिक्षण लागत नाही. भाषा अडेल, तेवढंच.

आणि येशूची गोष्ट गाऊन सांगणं तर मराठीला मुळीच नवं नाही. गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल इथं छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. ज्ञानदेव-एकनाथांनी घडवलेल्या ओवीतच त्यानं गव्हाणीपासून क्रूसापर्यंतचा सगळा प्रवास मांडला आणि गोव्यातले नवख्रिस्ती ते चर्चमधून गाऊ लागले. म्हणजे एका इंग्रजानं मराठी ढंगात येशू गायला, त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी एका मराठी घरातल्या मुलानं इंग्रजीत यहूदा गायला. इतिहासाला असले हिशेब चुकते करायची हौस असते.

तरीही एक शंका उरते. कीर्तनात बडव्याची बाजू कुणी लावून धरत नाही. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा सालोमालो आहे, पण तो हसण्यावारी नेण्यासाठी. भक्तिकथेतला विरोधक आपल्याकडे शेवटी एक तर पाय धरतो नाही तर फजीत होतो. मग ज्याला त्याचे स्वतःचे सूर आहेत असा खलनायक मराठी कानानं स्वीकारला कधी?

माझ्या मते १९६७ साली. त्या एकाच वर्षात तीन गोष्टी घडल्या. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली आणि कर्ण स्वतःच्या तोंडानं बोलू लागला, नुसता कर्णच नाही तर वृषाली, शोण, दुर्योधन, प्रत्येक जण आपापली बाजू मांडू लागला. इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं आणि त्यात महाभारतातली पूज्य माणसं जबानीला उभी राहिली. आणि डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं. लेखन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. गोष्टीप्रमाणे पाहिलं तर पंडित भानुशंकर सज्जन आणि खांसाहेब आफताब हुसेन मत्सरी. पण खांसाहेब होते वसंतराव देशपांडे. सगळं जळजळीत, सगळं अनावर संगीत त्यांच्या गळ्यात. प्रेक्षक डोक्यानं पंडितजींच्या बाजूला आणि कानानं खांसाहेबांच्या. नाटक संपल्यावर लोक गुणगुणत घरी गेले ते कुणाचं, हे सांगायला नको.

लंडनमधल्या त्या दोघांनी तीन वर्षांनी नेमकं हेच केलं. सद्गुणी माणसाला दुःख दिलं आणि त्याला पकडून देणाऱ्याला उत्तम गाणी दिली. नाट्यमय अल्बमची जी ओढ म्हणतात, तिचं निम्मं रहस्य मला इथं दिसतं. रंगमंचावर खलनायक कपड्यांनी, चेहऱ्यानं, प्रकाशयोजनेनं आधीच खलनायक ठरलेला असतो. तबकडीवर तो फक्त एक आवाज असतो आणि आवाजाचा न्याय कान आपल्या मनानं करतो.

आता नंदू भेंडे. नाटक त्याच्या घरातच होतं. वडील आत्माराम भेंडे, बबन प्रभूंबरोबर मराठी फार्स घराघरांत नेणारे नट-दिग्दर्शक, ज्यांच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’नं दोन पिढ्यांना हसवलं. आई आशा भेंडे, अभिनेत्री आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक. मूळच्या लिली एझिकेल, बेने इस्राएल घरातल्या. कवी निसिम एझिकेल नंदूचे मामा. म्हणजे घरात एकीकडे साहित्य संघाची रंगभूमी, दुसरीकडे मुंबईची इंग्रजी कविता. पोरगा मात्र वळला तिसरीकडेच, रॉककडे. ‘व्हेल्व्हेट फॉग’ आणि ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या बँडमधून तो गात होता.

साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला मुंबईत हे जग चांगलंच गजबजलेलं होतं. एका सिगारेट कंपनीनं ‘सिमला बीट’ नावाची बँडस्पर्धा भरवली होती आणि त्यातल्या गाण्यांच्या तबकड्याही काढल्या होत्या. काळा घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये काय नवं आलंय हे पाहायला पोरं रोज चक्कर टाकत. परदेशी तबकडी सहज मिळायची नाही. ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी टोळकं जमायचं. अशा वेळी एका संचाच्या चार बाजू क्रमानं, मध्ये बोलायचं नाही या अटीवर ऐकणं, हा जवळजवळ नाटकाचाच प्रयोग होता. फक्त तिकीट नव्हतं.

पदमसी जाहिरात व्यवसायातले बडे आणि इंग्रजी रंगभूमीवरचे त्याहून बडे. त्यांना भव्यतेची भूक होती. येशूच्या भूमिकेसाठी त्यांनी मधुकर चंद्र धस या गायकाला घेतलं. पुढं ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या बँडचा आवाज म्हणून रॉकवेड्या लोकांनी ज्याला डोक्यावर घेतलं, तोच हा. यहूदासाठी घेतला नंदू. हा योगायोग मला फार बोलका वाटतो. न्यूयॉर्कमध्ये हेच नाटक आलं तेव्हा ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला होता की येशूच्या मृत्यूचा दोष यात पुन्हा ज्यूंच्या माथी मारला जातोय. आणि मुंबईत तो दोष ज्याच्या माथी, तो यहूदा गात होता एका बेने इस्राएल आईचा मुलगा. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं मराठी बोलत राहिलेल्या, शनिवारी तेलाच्या घाण्याला सुट्टी देणारे म्हणून शनवार तेली म्हणवल्या गेलेल्या समाजातली ती आई. त्याच्या तोंडून ‘माझं ऐकून तर घ्या’ हा सूर निघताना त्याला काही वेगळी धार असलीच पाहिजे, असं आपलं मला वाटतं.

इकडे पुण्यात वेगळंच चाललं होतं. १६ डिसेंबर १९७२ ला विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ आलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर. कीर्तन, अभंग, लावणी, पोवाडा हे सगळं उचलून त्यांनी एका जहरी नाटकाच्या कामाला लावलं. ब्राह्मणांच्या रांगेचा तो माणसांचा पडदा म्हणजे एकाच वेळी समूहगान, भिंत आणि आरोपी. नाटकावरून वादंग झालं, ते करणाऱ्या पीडीए या संस्थेनं १९ प्रयोगांनंतर ते थांबवलं, आणि त्यातून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ च्या मार्चमध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी ही नवी संस्था काढली. ‘महानिर्वाण’ त्याच संस्थेचं. म्हणजे संगीत नाटकातल्या शालू-शेल्यांचा वास नसलेलं, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गाण्यावर चालणारं नाटक पुण्यानं स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं. त्यासाठी त्यांना लंडनच्या तबकडीची गरज पडली नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. आमच्याकडे बाहेरून आलं की उसनं, असा एक सरसकट समज असतो.

१९७८ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमीनं ‘तीन पैशाचा तमाशा’ उभा केला. मूळ गोष्ट १७२८ ची, जॉन गेच्या भिकाऱ्यांच्या ऑपेरातली; तिचं ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी १९२८ मध्ये बर्लिनला ‘थ्री पेनी ऑपेरा’ केलं; आणि बरोबर पन्नास वर्षांनी पु. ल. देशपांड्यांनी तिला मराठी कपडे चढवले. भिकाऱ्यांचा धंदा चालवणारा शेठ, त्याची मुलगी पळवणारा गुंड आणि त्या गुंडाशी दोस्ती असलेला पोलीस. आणीबाणी नुकतीच संपलेली, त्यामुळं टोले कुठं बसताहेत हे प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नव्हतं. पु.लं.नी तीन वर्षांपूर्वीच शॉच्या नाटकाची ‘ती फुलराणी’ केली होती. पण तिथं खेळ बोलीचा होता, इथं खेळ गाण्याचा.

संगीतासाठी तिघं होते: चंदावरकर, मोडक आणि नंदू भेंडे. चंदावरकर रविशंकरांचे सतारशिष्य, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेले, जगभरचं संगीत पचवलेले. मोडक भजन-कीर्तनाच्या चालींना वाकवून त्यांच्यातून उपरोध काढण्यात तरबेज. आणि नंदूकडे होतं ते या दोघांकडे नव्हतं: बँडसमोर उभं राहून गाणाऱ्याचा दम. शिवाय नाटकातला नायक-खलनायक अंकुश तोच झाला. नाट्यपद, लावणी, भजन, कव्वाली आणि पॉप अशा सगळ्या ढंगांची नाटकात सरमिसळ होती. अंकुशच्या वाट्याला पाश्चात्त्य ढंग आला आणि तो त्याच्या अंगाला बसला. संगीत नाटकाचा नायक शेला सावरत यायचा. हा अंकुश गिटारच्या ठोक्यावर आला आणि मराठीत गायला. माधुरी पुरंदरेंसारखी ताकदीची गायिका-अभिनेत्री त्याच नाटकात होती. तिच्या गळ्यातला कॅबरेचा कोरडा कडवटपणाही मराठी रंगमंचानं तोवर ऐकलेला नव्हता.

मुंबईत इंग्रजीत यहूदा झालेला गायक पुण्यात मराठीत गुंड झाला, यात मला सलग धागा दिसतो. दोन्हीकडे समाजानं आधीच निकाल दिलेला माणूस, आणि दोन्हीकडे त्याच्या वाट्याला आलेली चांगली गाणी. अंकुश यहूदापेक्षा कितीतरी हलका, त्याला पश्चात्ताप वगैरे काही नाही. पण तो गाऊ लागला की टाळी त्यालाच.

पुढं काय झालं? तसं पाहिलं तर फारसं काही नाही. ‘तीन पैशाचा तमाशा’नं कौतुक मिळवलं, पण त्याच्या मागून रॉकचं मराठी नाटक असं काही ओघानं आलं नाही. कारणं साधी आहेत. दौऱ्यावरच्या नाटकाच्या बसमध्ये पेटी, तबला आणि फार तर एक ऑर्गन बसतो. ड्रमसेट, अ‍ॅम्प्लिफायर आणि चार वादकांचं मानधन बसत नाही. गाऊन अभिनय करणारे नट शास्त्रीय संगीतातून येत, आणि रॉक गाणारी पोरं बहुतेक मराठी रंगभूमीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसत. नंदूसारखा दोन्ही घरांत पाय असलेला माणूस पुन्हा पुन्हा कुठून मिळणार? तबकडी आधी काढून तिच्या जोरावर नाटक उभं करण्याची हिंमत तर इथं कुणी केलीच नाही. कंपन्यांना भावगीतं आणि गाजलेल्या नाटकांची पदं पुरत होती.

नंदूनं पुढं बरंच केलं, पण विखुरलेलं. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींच्या संगीतात कृष्णाला पृथ्वीवर यायचं साकडं घालणारं गाणं त्याच्याच आवाजात आहे. यहूदानं आठ वर्षांनी कृष्णाला हाक मारावी, ही विनोदी लेखकालाही सुचली नसती अशी कलाटणी. त्यानंतर मालिकांचं संगीत, स्टुडिओ, जुन्या रॉकच्या मैफली. २०१४ च्या एप्रिलमध्ये तो गेला, पुढच्या वर्षी नव्वदी ओलांडलेले आत्माराम भेंडेही गेले. त्याच २०१५ मध्ये ‘कट्यार’ सिनेमा होऊन आली, आणि शंकर महादेवन यांचे पंडितजी समोर असूनही चर्चा पुन्हा खांसाहेबांचीच झाली.

नंदूचा वारसा शोधायचा तर मी व्यावसायिक नाटकात शोधणार नाही. पुण्याच्या फिरोदिया करंडक स्पर्धेत जाऊन बसेन. नाट्य, नृत्य, चित्रकला, वाद्यमेळ, जे जे येतं ते एकाच प्रयोगात घाला, अशी तिची चाल. आमच्या पट्ट्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं त्यासाठी महिनोन् महिने रात्री जागवतात: रंगमंचाच्या एका कडेला ड्रम्स, बेस, दोन गिटार, कधी पखवाज, आणि मधल्या जागेत गोष्ट. गोष्टी बऱ्याचदा कच्च्या असतात, मतं तर हमखास बाळबोध. पण बँड वाजायला लागला आणि त्यातलं एखादं पोरगं पुढं येऊन सगळ्यांनी दोषी ठरवलेल्या पात्राची बाजू गाऊ लागलं, की परीक्षकांच्या पेन्सिली थांबतात. त्या पोरांपैकी बहुतेकांना नंदू भेंडे हे नाव ठाऊक नसतं. गिलन ठाऊक असतो, खांसाहेब ठाऊक असतात, आणि दोघांच्या मधली जागा ती आपापल्या हिमतीवर शोधत असतात.